मालोजीनानांची मेथी आणि अंबूबाईचं नाक

मालोजीनानांना वास येतो तो फक्त स्वप्नात.

पहाटे, शिफ्टच्या बसेस घरघरत रस्त्याला लागायच्या आधी, नाना झोपेतच खळ्यावर जाऊन पोचतात. खळं आता नाही, तिथं एका कंपनीची मागची भिंत आहे. पण स्वप्नाला भिंत आडवी येत नाही. उन्हाने तापलेल्या ज्वारीच्या ताटांचा वास येतो, मळणीच्या बैलांच्या अंगाचा येतो, आईने फडक्यात बांधून आणलेल्या लसणाच्या चटणीचा येतो. सगळे वास एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जत्रेला निघाल्यासारखे येतात. मग भोंगा होतो आणि कुणी अंगावरची चादर ओढून न्यावी तसं सगळं निघून जातं. नाना डोळे उघडतात. चहा येतो. चहा म्हणजे गरम आणि गोड. भाकरी म्हणजे गरम आणि मऊ. मग शेतात जातात. मेथी म्हणजे हिरवी.

एवढंच.

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः नाना, दुसरी त्यांची बायको अंबूबाई.

नानांचं गाव शेलवाडी, चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अलीकडं. गावाची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली. नानांचा एक चिंचोळा पट्टा तेवढा उरला, दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मधोमध, पुस्तकात ठेवून विसरलेल्या पिंपळपानासारखा. एका भिंतीपलीकडं गाड्यांच्या काचा होतात, दुसरीपलीकडं सीटं. सकाळचं ऊन काचवाल्यांच्या पत्र्यावरून घसरत वाफ्यात उतरतं, दुपारी सीटवाल्यांच्या भिंतीची सावली कोथिंबिरीवर येऊन बसते. कामावर जाणारी पोरं फाटकातून डोकावून म्हणतात, नाना, तुमच्याकडं आलं की कानात बोळे घातल्यासारखं वाटतं. खरंच तसं आहे. मशिनं दोन्हीकडं चालू असतात, पण तिथं उभं राहिलं की ती कुठंतरी लांब, पाण्याखाली चालल्यासारखी वाटतात.

तरुणपणी नाना भोसरीत एका लहानशा वर्कशॉपला होते. ते वर्कशॉप आता राहिलेलंही नाही. तिथं स्कूटरच्या टाक्यांना रंग मारायचा. हातात गन, समोर साखळीवर लोंबकळत येणाऱ्या टाक्या, आणि हवेत रंगाचं धुकं. लाल टाक्यांच्या दिवशी लाल, निळ्यांच्या दिवशी निळं. मास्क होता, पण उकाड्यात तो सगळ्यांच्याच गळ्यात असायचा. नानांना ते काम आवडायचं. ते म्हणायचे, आभाळ रंगवायची नोकरी हाय. वास कधी गेला ते त्यांना कळलंच नाही. आधी थिनरचा गेला, मग बसड्रायव्हरच्या उदबत्तीचा गेला, मग साबणाचा. एका संध्याकाळी घरात चुलीवर दूध करपत होतं आणि नाना शेजारी बसून पोराला शर्यतीच्या बैलांची गोष्ट सांगत होते. अंबूबाई बाहेरून धावत आली. तिने आधी पातेलं उतरवलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पातेल्याकडं. पातेलं घासून पालथं घातल्यावर एवढंच म्हणाली, "आजपासनं दूध मी बघीन."

तेव्हापासून ती नुसतं दूधच नाही, सगळंच बघू लागली. गॅस सुटलाय का, भात आंबलाय का, नानांच्या शर्टाला घामाचा वास येतोय का. वर्कशॉपात सांगायची सोय नव्हती. ज्याला थिनरचा वास येत नाही त्याला तिथं कोण ठेवणार. नोकरी सुटली तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर न सांगण्याची सवय लागली होती, आणि वर नाना शेतकरी झाले होते. शेतकऱ्याला मातीचा वास येत नाही हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

शेतात ते विकतचं औषध वापरत नाहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, जन्मभर फवारलं, आता बास. हातात पुन्हा गन नको, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पानांवर माव्याची कीड पडली तर घरीच अर्क करतात. निंबोळ्या, लसूण, मिरच्या आणि गोमूत्र एका ड्रममध्ये मुरत ठेवायचं आणि कडुनिंबाच्या डहाळीने भाजीवर शिंपडायचं. त्या ड्रमचं झाकण उघडलं की सीटवाल्या कंपनीचा वॉचमन खुर्ची उचलून पलीकडच्या गेटला जाऊन बसतो. नाना मात्र ड्रममध्ये डोकं घालून निवांत ढवळत असतात. बघणाऱ्याला वाटतं, काय तपश्चर्या आहे या माणसाची.

अर्क मारला की भाजी कधी तोडायची हे नवराबायकोने कधी दिवसांवर मोजलं नाही. ऊन किती, दव किती, पाऊस झाला का, यावर ते ठरायचं, आणि ठरवायचं अंबूबाईचं नाक. ती सकाळी वाफ्यात शिरायची, एक पान खुडायची, बोटांत चुरडायची आणि नाकाशी न्यायची. नाना विळा घेऊन बांधावर उभे. ती मान हलवायची, नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा. मग एखाद्या सकाळी म्हणायची, "तोडा." अशी त्यांची शेती चालायची. एकाचे हात आणि दुसऱ्याचं नाक.

या पट्ट्याचं गणित नवनाथला, त्यांच्या मुलाला, कधीच जुळलं नाही. तो सीटवाल्यांकडंच कामाला. एका ट्रान्सपोर्टवाल्याने जागा ट्रक उभे करायला मागितली होती. नवनाथ बापावर कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही. फक्त म्हणाला की आबा, दोघांची पाठ वाकलीय, भाजी घेऊन बाजारात किती दिवस बसणार. तेवढ्यात शाळेचं निघालं.

गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडम रोज स्कूटीवरून त्या फाटकावरून जायच्या. शाळेत दुपारी मुलांना जेवण मिळतं. तांदूळ, डाळ सरकारकडून येते, भाजी शाळेने घ्यायची. ती चाकणच्या बाजारातून टेंपोत येता येता निम्मी मान टाकायची. मॅडमनी शाळेच्या समितीत विषय काढला की भाजी गावातच, विनाऔषधाची पिकते, तर मुलांना तीच का नको. समितीचा अध्यक्ष गणराज म्हणजे त्या टेंपोचाच मालक. तो म्हणाला, शाळा हाय का लग्नघर, वाडीतली ताजी भाजी लागती म्हणे. पण त्याची मुलगीही त्याच शाळेत, आणि घरी बायको नानांचीच भाजी घ्यायची. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत घेऊन बघू.

नवनाथनेही तेच धरलं. "दिवाळीपर्यंत शाळेनं घेतली आन पुढंबी घेणार म्हनली, तर वावर तुमचं. न्हाईतर गाड्या उभ्या करू. चाललं?"

"चाललं," नाना म्हणाले. त्या वेळी वाफ्यात पालक असा तरारला होता की दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

ते दिवस नानांच्या आयुष्यातले सुखाचे. सकाळी पाट्या शाळेत पोचवायच्या. स्वयंपाकाच्या सुमनताई लातूरकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेल्या. त्या प्रत्येक जुडी हातात घेऊन बाळाला बघावं तशी बघायच्या आणि म्हणायच्या, मामा, असली भाजी आमच्या गावाकडं राहिली नाही हो. मुलं बहुतेक अशीच कुठून कुठून आलेली, हिंगोलीची, बुलढाण्याची, काही पार उत्तरेतली. जेवणं झाली की नाना हौदापाशी उभे राहून हात धुणाऱ्या मुलांना विचारायचे, आज कसं लागलं? मुलांना तो खेळ वाटायचा. चौथीतली करिष्मा त्यात तरबेज. ती म्हणायची, पालक ओल्या पाटीसारखा लागतो. चवळी म्हणजे पावसात भिजलेली गोणी. नाना ती वाक्यं जपून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वाफ्यात उभं राहून पालकाकडं बघत पुटपुटायचे, ओली पाटी.

मग अंबूबाई आकुर्डीला गेली. मुलगी विजयश्रीचं सासर तिथं, बाळंतपणही तिथल्याच दवाखान्यात. निघताना अंबूबाईने तीनतीनदा बजावलं की मेथीवर अर्क पडलाय, मी येईस्तोवर मेथीला हात लावायचा नाही, तोवर चवळी आहे. पण बाळाने वाट बघायला लावली आणि चवळी संपली.

त्या सकाळी नाना मेथीच्या वाफ्यात उभे होते. मेथी सुरेख दिसत होती. मावा पार गेला होता. पानापानावर दव, आणि काचवाल्यांच्या पत्र्यावरून आलेलं ऊन त्या दवात. अंबूबाई करते तसंच नानांनी केलं. एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. डोळेही मिटले, कारण ती मिटते.

काही नाही आलं. म्हणजे स्वच्छ.

हे असं कसं वाटलं त्यांना, कोण जाणे. इतकी वर्षं त्यांनी एवढंच पाहिलं होतं की बायको पान हुंगते, तिला अर्काचा वास येत नाही, आणि मग ती तोडा म्हणते. आज त्यांना वास आला नव्हता. त्यांनी विळा चालवला.

शाळेत सुमनताईंनी पहिलीच जुडी सोडली आणि नाक मुरडलं. "मामा, वास यायलाय कसला तरी."

"मेथी हाय ती. घरच्या मेथीला वास असायचाच. बाजारातली नुसतं पानी पिऊन फुगलेली, तिला कुठला वास."

सुमनताई हसल्या. माणूस इतक्या खात्रीने बोलतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, इकडच्या मेथीची जातच उग्र असेल. तरी त्यांनी ती दोनतीन पाण्यांनी धुतली. मेथी घातलेली खिचडी शिजली. मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने चव घ्यायची असा नियम आहे. मॅडम त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेल्या, दुसऱ्या बाई दोन वर्ग एकदम सांभाळत होत्या, आणि ज्या पालकाची पाळी तो आलाच नाही. बाईंनी वर्गातूनच सांगितलं, नाना आहेत ना, त्यांना द्या. सुमनताईंनी चमचा पुढं केला. नानांनी घास घोळवला. गरम. मऊ. मीठ बरोबर. कडू, पण मेथी ती कडूच.

"झकास," ते म्हणाले.

मुलं बसली. पहिला घास करिष्माने घेतला. तिने तो ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि खिचडीकडं नाही, नानांकडं पाहिलं. ते पाहणं नाना अजून विसरलेले नाहीत. मग एकेक करत सगळी ओळ थुंकायला हौदाकडं धावली. कुणीतरी म्हणालं, औषधासारखं लागतंय. औषध हा शब्द चपलासुद्धा न घालता गावात पळत सुटला आणि दुपारपर्यंत सगळ्या चाळी फिरून आला. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या, मुलांना बघून गेल्या. कुणाला काही झालं नव्हतं, भूक सोडून. पण बोलणं थांबलं नाही. विनाऔषधाची म्हणून विकतो आणि चोरून फवारतो. म्हातारा दिसतो साधा.

नवनाथ शिफ्टवरून आला तो सगळं ऐकूनच. त्याने चपला काढायच्या आत विचारलं की मेथीवर काय मारलं होतं. नाना म्हणाले, अर्कच. मग इतक्यात तोडली कशाला, त्याने विचारलं. नानांनी ताट पुढं ओढलं. नवनाथ म्हणाला, "अवो आबा, नाक न्हाई का तुमाला?"

नानांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर समिती बसणार होती. सकाळी नानांनी अंबूबाईला फोन लावला. तिकडं मुलगी झाली होती, त्याचा आनंद आधी बोलून झाला. मग नानांनी मेथीचं सांगितलं. मागे दवाखान्यातली ट्रॉली गेल्याचा आवाज आला.

"असं करा," ती म्हणाली. "बायकोनं अर्क मारला आन मला सांगितलंच न्हाई, असं सांगा. जाताना इसरली म्हनावं. मी कुठं तिथं हाय तोंड दाखवायला. माझ्यावर ढकला."

"तुझ्यावर?"

"मग काय त्या गणराजच्या पुढं उभं ऱ्हाऊन ते सांगनार तुमी? इतकी वर्सं झाकलं ते?"

नाना हो म्हणाले. दिवसभर शेतात बसून ते वाक्य घोकत राहिले. बायकोनं अर्क मारला. मला सांगितलं न्हाई. सोपं होतं. खरं होण्यापासून अगदी थोडंसं लांब होतं. अर्काचा वास आला नाही का, असं कुणी विचारलं असतं तरी म्हणता आलं असतं, सर्दी होती.

शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. मॅडम, गणराज, समितीतली आणखी माणसं, काही आया. नवनाथ मागे खांबाला टेकून उभा. मुलं घरी जायची ती गेलीच नव्हती, पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली होती. मॅडमनी शांतपणे विचारलं की नाना, नेमकं काय झालं ते तुम्हीच सांगा. नानांनी घोकलेलं वाक्य तोंडाशी आणलंही. पण त्याआधी गणराज बोलला.

नानांचं म्हणणं नंतर बघू, तो म्हणाला. वय झालं, चूक होते. पण स्वयंपाकीणबाईंना वास आला होता, त्यांनी स्वतः तसं सांगितलंय, आणि तरी त्यांनी ती भाजी पातेल्यात घातली. मग पोरांच्या जिवाशी कोण खेळलं? बाई बदला. नवी बाई असली भाजी पातेल्यात घालणार न्हाई, भाजीचा प्रश्न आपोआप मिटंल.

सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक हाताभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी म्हणलं होतं हो मामांना," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं होतं."

"व्हय, म्हनली व्हती," नाना म्हणाले. "तिला मीच गप केली. तिचं नाक चांगलं हाय. माझं न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला वास येत न्हाई. कसलाच. लई वर्सं झाली. रंगाच्या कामात गेला. ही बघायची, म्हंजे अंबू. ती न्हाई तर मला काय कळनार. म्यां पान हुंगलं, काय आलं न्हाई, म्हनलं चांगलं हाय. आन ती खिचडी... मला मीठ कळतं, कडू कळतं, बास. म्यां झकास म्हनायला नको व्हतं."

गणराज हसला. वाईट हसला असं नाही, विश्वास न बसून हसला. म्हणाला, नाना, आता म्हातारपणी सोंगं काढू नका, ड्रमच्या वासानं सगळी वस्ती घर सोडून पळती, आणि तुमाला तो येत न्हाई म्हनता.

सुमनताई आत गेल्या. चरफडतच गेल्या, भांडी वाजवत. मुठीत काहीतरी झाकून बाहेर आल्या. "मामा, डोळे मिटा." नानांनी मिटले. त्यांनी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. पहिल्या ओळीतल्या मुलांनी नाकं दाबली.

"काय हाय?"

"हात हाय तुझा," नाना म्हणाले. "ऊब लागती."

मुलं खुदखुदली. मग चिरलेला कांदा आला. नानांच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं आणि ते म्हणाले कांदा. गणराजने लगेच मांडीवर थाप मारली, बघा, ओळखला. नाना म्हणाले, डोळ्यांनी ओळखला, गणराज, नाकानं न्हाई. मुलांना आता चेव आला होता. तिसरीतल्या एकाने, कुणाचं लक्ष नाही असं बघून, पायातला दिवसभर घातलेला मोजा काढला आणि चिमटीत धरून थेट नानांच्या नाकासमोर लोंबता धरला.

नानांनी खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. चेहरा अगदी लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा झाला.

"कोथिंबीर?" ते म्हणाले.

ओटा हसून हसून फुटायच्या बेताला आला. आया पदरात तोंड खुपसून हसल्या, गणराज हसला, मॅडमसुद्धा. आणि मग ते हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं, कारण नाना अजून डोळे मिटूनच बसले होते, उत्तर बरोबर आलं की नाही याची वाट बघत.

करिष्मा पायरीवरून उठून जवळ आली. "आजोबा, मोजा होता."

"असू दे," नाना म्हणाले. "पोरांचाच ना."

सुमनताईंचं नाव गणराजने परत काढलं नाही. मॅडमनी ठरवून टाकलं की ती मेथी काढून टाकायची, आणि पुढं अर्क मारला की भाजी शाळेत यायच्या आदल्या दिवशी सुमनताईंनी घरी जाताना शेतावर जाऊन बघायची. सुमनताई म्हणाल्या, जाईन की, वाटेवरच हाय. पण आयांच्या मनातली भीती अशी ठरावाने जात नाही. त्यांच्यातली एक म्हणाली, आमची पोरं आता त्या शेतातलं खायला बघत नाहीत, काल घरी मेथीचं नाव काढलं तर रडली. मॅडमनी नानांना विचारलं, असं काय आहे का ज्याच्यावर कधी अर्क पडतच नाही? लाल भोपळा, नाना म्हणाले, तो आपला आपण वाढतो. मग एकदा भोपळा करू, गणराज म्हणाला, पण पोरांनी टाकला तर मात्र माझा टेंपो. यावर सगळ्यांची मान हलली. नानांचीही.

घरी बापलेक बरोबरच निघाले. कंपनीच्या बसेस पहिल्या शिफ्टची माणसं ओतून परत निघाल्या होत्या. आभाळ फिकट केशरी झालं होतं, आणि नानांना उगीच वाटलं की कुणीतरी वर गन घेऊन एकच हात मारलाय, दुसरा अजून मारायचाय.

"कधीपासनं?" नवनाथने विचारलं.

"तू पाचवीत व्हतास."

नवनाथ थांबला. मग पुन्हा चालू लागला. "म्हंजे मी कालेजला असताना... घरी यायचो ना रातीचा, ते..."

"ते काय?"

"तुमी दार उघडायचा. मी तोंड फिरवून आत जायचो. तुमी काय म्हनायचा न्हाई. मला वाटायचं, आबाला सगळं कळतंय आन तरी बोलत न्हाई. त्या लाजंनं सोडली मी."

"काय सोडली?"

"काय न्हाई," नवनाथ म्हणाला.

फाटकाशी आल्यावर नवनाथ म्हणाला की ट्रान्सपोर्टवाला उद्या जागेची मापं घ्यायला येणार होता, त्याला भोपळ्याच्या दिवसापर्यंत थांब म्हणून सांगतो.

भोपळे नवनाथनेच मोटारसायकलवर नेले, दुसरी शिफ्ट होती म्हणून सकाळ मोकळी होती. केशरी, घमेल्याएवढे, अंगावर अजून मातीचा हात. सुमनताईंनी ते चिरले, तेलात मेथ्या टाकायला घेतल्या आणि मुलांचे चेहरे आठवून डबी परत ठेवली, जिऱ्यावरच भागवलं. चव घ्यायला गणराज आला. मॅडमनीच त्याला बोलावलं होतं, अध्यक्षांनी घेतलेली चव आयांना पटेल म्हणून. त्याने घास घेतला, आढ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला की नीट कळलं न्हाई, थोडं अजून द्या. ते थोडं त्याने पाटावर बसून खाल्लं.

नाना आत गेले नाहीत. मुलांना आपला चेहरा दिसला तर मेथी आठवेल, असं त्यांना वाटलं. शाळेच्या भिंतीबाहेर, निलगिरीच्या सावलीत ते उकिडवे बसले. आत काय चाललंय ते कळायचं साधन म्हणजे कान. ताटं मांडल्याचा आवाज आला. ओळीत बसताना होते ती ढकलाढकली आली. वाढणं सुरू झालं तसा गलबला वाढत गेला. मला नको, थोडंच वाढा, हे काय आहे, भोपळा, ई, तुझ्या तोंडासारखा, बाई हा बघा ना. मग प्रार्थना. मग पुन्हा गलबला.

आणि मग तो बसत गेला. आधी पुढच्या ओळीत, मग मागच्या. वाऱ्याने शेतातली ज्वारी एका बाजूने निजत जावी तसा. नानांनी श्वास धरला. शंभर पोरांची शाळा, आणि नुसतं ताटाला बोट लागल्याची बारीक खरखर. काचवाल्यांची मशिनं, सीटवाल्यांची मशिनं, रस्त्यावरचे ट्रक, सगळं लांब कुठंतरी पाण्याखाली. नानांना वाटलं आपण झोपलोय. पण स्वप्न असतं तर वास आला असता. आला नाही, म्हणजे जागेच होतो.

थोड्या वेळाने पातेल्याच्या बुडावर पळी घासल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नुसतंच लोखंड वाजलं.

सुमनताई भिंतीवरून वाकल्या. "मामा, इथं कामून बसलात? लेकरं मागायलेत आणि मी पातेलं पालथं करून दाखवायले. पुढच्या टायमाला एक फळ जास्त आणा." मग मॅडमही आल्या आणि म्हणाल्या की आयांशी बोलणं झालं, दिवाळीनंतरही चालू ठेवू, वर्ष संपेपर्यंत तरी.

नानांनी खिशातून फोन काढला, तो आकुर्डीला लागलेलाच होता. अंबूबाईने सकाळी बजावलं होतं की जेवणाच्या वेळेला फोन लावून तसाच धरून ठेवा, मला पण ऐकू द्या. तिकडून तिचा आवाज आला, "कळलं. आता बाळ उठलंय, ठेवते."

नवनाथ मोटारसायकलीपाशी उभा होता. त्याचाही फोन वाजला. त्याने नाव बघितलं, बापाकडं बघितलं, आणि पाठ फिरवून दोन पावलं लांब गेला. बोलणं मात्र नानांना स्पष्ट ऐकू आलं.

"न्हाई राव," तो म्हणत होता. "मापं घ्यायला नका येऊ. जागा मोकळी न्हाई. शाळेची भाजी हाय तिथं."